वळणावरचे हात

१

अवघड उतार आला की तिन्ही गाड्या थांबायच्या आणि काका खाली उतरायचे. हे आता ठरूनच गेलं होतं. "काका, उतरता का?" असं कुणी विचारतही नसे. काका दार उघडून आधी एक पाय खाली सोडायचे, बुटाच्या टाचेने जमीन चाचपायचे, मग दुसरा पाय. मग कमरेवर हात ठेवून उताराकडे बघत उभे राहायचे. मागच्या गाडीतला बेकरीवाला हॉर्न वाजवायचा, तरी त्यांची घाई नसायची.

"चाललं काकांचं माप घेणं," डॉक्टर आपल्या गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे. "उताराला कोट शिवणार बहुतेक."

काकांचं उभं आयुष्य क्रेनला हात दाखवण्यात गेलं होतं. क्रेन चालवणारा वर काचेच्या खोलीत बसतो. ओझं खाली कुठे टेकतंय ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतो खाली उभा असलेला एक माणूस, आणि खरं तर तोही नाही, त्याचे दोन हात. तळवा आपल्याकडे ओढला की ये. बाजूला ढकलला की वळ. मूठ मिटली की थांब. वरच्याने एकाच माणसाच्या हातांकडे बघायचं आणि जे हात सांगतील ते करायचं, डोकं चालवायचं नाही. काकांचं उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट एकदा लोखंडी दोरात सापडलं होतं. वाकलं ते वाकलंच, पुन्हा सरळ झालं नाही. बाकी एवढ्या वर्षांत त्यांच्या हातांनी कुणाला दगा दिला नव्हता.

कामावरून मोकळे झाल्यावर हे हात आता मांडीवर पडून राहणार, असं त्यांना वाटलं होतं. घरात दोघंच होती, ते आणि त्यांची लेक. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिच्या आईने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आई गेली, नाव राहिलं. त्या भिंगरीने एक जुनी उंच गाडी घेतली, चारही चाकांना जोर असलेली, आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांच्या टोळीबरोबर जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायला लागली. काका पहिल्यांदा गेले ते निव्वळ काळजीपोटी. खिडकीवरची कडी घट्ट धरून बसून होते. दुसऱ्या खेपेला ती चिखलात अडकली तेव्हा ते खाली उतरले आणि सवयीने त्यांचे हात वर गेले. पोरीने हातांकडे बघितलं आणि गाडी अलगद बाहेर आली.

तेव्हापासून ते सगळ्या टोळीचे काका झाले. त्यांनी सगळ्यांना दोनच गोष्टी पढवल्या होत्या. एक, रस्त्याकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. आणि दुसरी, ओल्या मातीवर मध्येच ब्रेक दाबायचा नाही. "ब्रेक दाबला की चाक थांबतं," ते म्हणायचे, "गाडी थांबत नाही."

२

त्या शनिवारी दुपारपासूनच धुकं होतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण सगळ्याला पाणी सुटलेलं. खाली ओढ्याकाठी हिरवं माळरान होतं, तिथे तंबू टाकायचे होते. तिकडे जाणारी वाट म्हणजे एकच लांब उतार, मध्ये एक कोपरासारखं वळण. वरून आलं की गाडीचं तोंड थेट दरीकडे व्हायचं, तिथून मागे वळून खालच्या टप्प्याला लागायचं. वळणाच्या टोकाला सपाट कातळ होता आणि कातळापुढे थोडं गवत. त्यापुढे काही नव्हतं.

काकांनी उतार पायी बघून घेतला आणि वर येऊन सांगितलं, "वरचे दगड वाईट आहेत. तिथे मी उभा राहतो. एकेकाला काढतो. खाली कातळावर सगळ्यांनी थांबायचं. मी चालत आलो की मग वळणाचं बघू. माझ्याशिवाय वळायचं नाही."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. ते हाडांचे डॉक्टर होते, अंगाने थोराड, बोलायला मऊ. शेजारी त्यांची बायको बसलेली. तिला सगळे वहिनी म्हणत.

"आणि मी नाही थांबलो तर?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तर सोमवारी लोकांना शिळा पाव."

आधी डॉक्टरांनी गाडी उतारावर घातली. काकांनी हात ओढले, ढकलले, चिमूट दाखवली. चिमूट म्हणजे अगदी केसभर. हा इशारा काकांचा स्वतःचा होता, क्रेनच्या कामातही दुसरा कुणी वापरत नसे. डॉक्टरांची गाडी दगड ओलांडून धुक्यात गेली. मग बेकरीवाला गेला. शेवटी भिंगरी आली, ओठ दाताखाली धरून, टक लावून त्यांच्या हातांकडे बघत. तीही गेली. काकांनी हात पँटला पुसले आणि हळूहळू खाली चालायला लागले.

कातळावर एकही गाडी नव्हती.

चाकांच्या खुणा होत्या. कातळावर ओल्या मातीचे पट्टे उमटले होते, तिन्ही गाड्यांचे, आणि तिन्ही एकावर एक असे वळले होते की काकांनी मनात वाहवा केली. कुणी पुढेमागे केलेलं नव्हतं. एका दमात, दोरीने आखल्यासारखं वळण. मग त्यांना राग आला. पोरीला तरी अक्कल हवी होती.

३

माळरानावर पोचले तेव्हा चहाचं पाणी उकळत होतं. वहिनी ताडपत्रीच्या कोपऱ्याला दोरी बांधत होत्या.

"तुम्हाला थांबायला सांगितलं होतं," काका म्हणाले. ते आवाज चढवत नसत. रागावले की उलट खाली आणत.

डॉक्टरांनी मान वर केली. "थांबलो होतो की. तुम्हीच पुढे घेतलंत."

"मी वर होतो."

"आधी वर होतात, मग वळणावर. काका, चहा घ्या. दमलात तुम्ही."

"हे आडवाटेने पळत आले बरं का," बेकरीवाला म्हणाला. "आणि आपल्याला सांगतात गुडघे दुखतात. घरी जिना चढताना लेकीचा खांदा लागतो, इथे बघा, हरीण."

भिंगरी गाडीतून सामान काढत होती. ती हसली नाही. वडिलांजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, पण तुम्ही कशावर चढला होतात हो? खाली दरी. पाय सटकला असता म्हणजे?"

"कशावर चढलो होतो?"

"उंच होतात ना. धुक्यात बाकी तुम्ही दिसला नाहीत, नुसते हात. पण उंच. मला मान वर करून बघावं लागलं. मला वाटलं एखादा दगड असेल."

काकांनी कप हातात घेतला. चहा गरम होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"चिमूट दाखवली का?"

"कुणी?"

"त्याने. म्हणजे, वळणावर."

"दाखवलीत की. दोनदा. तुमच्या चिमटीशिवाय तिथून निघालेच नसते." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघावं तसं. "काय झालं?"

"काही नाही. चहात साखर कमी आहे."

असेल कुणी डोंगरातला माणूस, काकांनी स्वतःला समजावलं. लाकूडतोड्या असेल, नाहीतर गुराखी. गाड्या अडलेल्या बघितल्या असतील, केली मदत, गेला निघून. जगात भली माणसं असतात. चिमूट काय, कुणालाही सुचेल. थोडं म्हणायचं तर माणूस दुसरं काय दाखवणार? आणि उंचीचं म्हणावं, तर धुक्यात काठीचा साप होतो.

सगळं पटण्यासारखं होतं. तरी त्यांनी तो चहा अर्धाच प्याला.

४

अजून उजेड होता. तंबू उभे राहिले होते आणि सगळे ताडपत्रीखाली ओले मोजे वाळवत बसले होते. डॉक्टरांनी सहज काकांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. हाडांच्या माणसाची सवय ती. वाकडं बोट दाबून बघितलं.

"हे कधीपासून?"

"झाली वर्षं."

"सरळ होतं का थोडंसं?"

"अजिबात नाही."

"गंमत आहे," डॉक्टर म्हणाले. "मघाशी वळणावर तुम्ही तळवा पसरलात तेव्हा पाचही बोटं ताठ होती. मी मनात म्हटलं, या वयात इतकी सरळ, इतकी लांब बोटं. ओली काच होती म्हणा. वायपर पण माझा अर्धंच पुसतो."

"वायपरला ऑपरेशन सांगा," बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

काकांनी हात परत घेतला. थोड्या वेळाने "पाय मोकळे करून येतो" म्हणून उठले. भिंगरी मागे यायला निघाली. त्यांनी तिला बस म्हटलं.

ते वर वळणापर्यंत गेले. धुक्याने कातळ भरलेला होता, पण खुणा अजून होत्या. काकांनी आपलं नेहमीचं काम केलं. गाडी कुठे होती, तिचं तोंड कुठे होतं, आत बसलेल्याची नजर कुठे जाणार. खुणांच्या मधोमध उभं राहून त्यांनी समोर बघितलं. ड्रायव्हरला दिसायचं असेल तर हात दाखवणाऱ्याने कुठे उभं राहायला हवं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

ते त्या जागेकडे चालत गेले. कातळ संपला. गवत आलं. दोन पावलं गवत होतं, एकही पातं मोडलेलं नव्हतं. मग गवतही संपलं.

जागा आणखी पुढे होती.

काका टोकाशी उभे राहिले. खाली नुसतं पांढरं. ओढ्याचा आवाज येत होता, पण तो खालून येतोय की समोरून ते कळत नव्हतं. आजूबाजूला दगड नव्हता, झाड नव्हतं, खांब नव्हता. चढून उभं राहावं असं काहीच नव्हतं.

लेक म्हणाली होती, मान वर करून बघावं लागलं. केवढी उंची असेल ती अजमावावी म्हणून त्यांनी आपला हात वर केला, तळवा समोर धरून. आणि लगेच खाली घेतला. का घेतला ते त्यांना सांगता आलं नसतं. तळव्यासमोरचं धुकं थोडं दाटलं, एवढंच. पण त्यांना वाटलं की आणखी क्षणभर हात तसाच ठेवला असता तर समोरून त्याला उत्तर आलं असतं.

ते मागे मागे चालत कातळावर आले. पाठ फिरवायला त्यांना धीर झाला नाही.

५

सकाळी उठून बघतात तर ओढा माळावर चढलेला. रात्रभर पाऊस वाजत होता. बेकरीवाल्याच्या तंबूत पाणी शिरलं होतं आणि तो गुडघाभर पँट दुमडून, भांडी गोळा करत स्वतःलाच शिव्या घालत होता. निघायचं तर आत्ता, हे लहान पोरालाही कळलं असतं. आणि निघायची वाट एकच होती.

काकांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं.

"काल वळणावर मी नव्हतो," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो. मी गेलो होतो बघायला. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते चांगले मनाचे होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "रात्री झोप लागली का?"

"झोपेचं नाही हे."

"बरं, समजा नव्हतात. मग कुणीतरी होतं, आणि त्याने आम्हाला नीट खाली आणलं. मग वाईट काय झालं?"

वाईट काहीच झालेलं नव्हतं. तेच तर त्यांना बोलून दाखवता येईना.

"आज मी वळणावरच उभा राहतो," ते म्हणाले. "वरच्या दगडांचं चढताना भय नाही, तुम्ही सवयीने जाल. वळणावर माझे हात असतील. दुसरे नकोत."

"तुम्ही म्हणाल तसं."

भिंगरीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. ती काच पुसत होती. ते तिच्या शेजारी उभे राहिले. सांगायचं तरी काय? की बघ, हात दिसतील, पण ते माझे आहेत का याची खात्री करून घे? ज्या ड्रायव्हरला हातांची शंका येते, त्याचा पाय ब्रेकवर जातो. आणि त्या मातीवर पाय ब्रेकवर गेला की खेळ संपला. क्रेनच्या कामावर त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चुकीच्या हाताने माणूस कधीतरी वाचतो, पण बिचकलेला माणूस वाचत नाही.

"बाबा, असं काय बघताय? माझ्या नाकाला काही लागलंय का?"

"नाही. सावकाश ये."

"तुमच्या हातांकडे बघत येते," ती म्हणाली. "मग झालं?"

"तू मागे ये. सगळ्यांत शेवटी. तोवर चाकोरी पडलेली असेल, तुला सोपं जाईल."

६

रात्रीच्या पावसाने वरची माती कातळावर पसरली होती. काल तिथे थांबता येत होतं, आज नाही. आज जो येईल त्याने एका चालीत वळून वर जायचं.

काका कातळाच्या टोकाशी उभे राहिले, दरीकडे पाठ करून. पाठीला गार लागत होतं. वारा नव्हता. जॅकेटच्या खिशात वॉकीटॉकी होता, त्यातून वहिनींचा आवाज आला, "निघालो हो काका."

धुक्यात आधी दिवे आले, मग गाडी. काकांनी तळवे ओढले. ये. ये. डावीकडे. चिमूट. डॉक्टरांची गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून वळली आणि वरच्या टप्प्याला लागली. काकांनी श्वास सोडला. काचेआड वहिनींनी हात हलवल्यासारखं वाटलं. डॉक्टर समोरच बघत होते.

मग बेकरीवाला. तो नेहमी काकांकडे बघून डोळा मारायचा, कितीही वाईट जागा असली तरी. आज नाही मारला. तोंड किंचित उघडं आणि नजर स्थिर. काकांनी तळवा ढकलला, आणि तेवढ्यात त्यांच्या खांद्यात पेटका आला. त्यांचे दोन्ही हात आपोआप खाली आले.

गाडी थांबली नाही. वळत राहिली. थोडी डावीकडे, मग केसभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागचं चाक काठावरून वीतभर आत राहिलं. हात दाखवल्याशिवाय तसं वळताच आलं नसतं. काकांचे हात मांडीशी होते. बेकरीवाल्याची नजर त्यांच्या डोक्याच्या वर होती, अगदी थोडी वर, आणि जाता जाता त्याने त्या दिशेला मान हलवली, आभार मानल्यासारखी.

गाडी वर गेली.

काका तसेच उभे राहिले. पाठीमागे काही हललं नाही, वाजलं नाही. वळून बघायचं त्यांच्या मनात आलं, पण मान वळेना. डॉक्टरही तसेच बघत होते, हे आता त्यांना उमगलं. मघापासून त्यांच्या हातांकडे कुणीच बघितलं नव्हतं.

त्यांनी घाईने वॉकीटॉकी काढला. बोटं ओली होती, बटण सापडेना. "भिंगरे. निघू नकोस. तिथेच थांब."

"निघाले ना, बाबा," तिचा आवाज आला, शांत. "अर्ध्यावर आहे. चांगली चढतेय."

धुक्यात दोन दिवे उगवले.

७

आता तिला अडवता येत नव्हतं. हे काकांना जितकं नीट कळत होतं तितकं आणखी कुणाला कळलं नसतं. पुढे होऊन आडवं उभं राहावं, तर ती दचकून ब्रेक दाबेल. ओरडावं, तरी तेच. आपल्या हातांनी तिची नजर परत खाली आणायची, एवढाच एक मार्ग होता.

त्यांनी हात वर केले, खांदा फाटला तरी. जितके उंच जातील तितके केले, टाचा उचलल्या. ये. डावीकडे. माझ्याकडे बघ, बाळा. डावीकडे.

काच दिसली, काचेमागे तिचा चेहरा. ओठ दाताखाली नव्हता. चेहरा मोकळा होता, लहानपणी झोपेत असायचा तसा. डोळे त्यांच्या हातांवरून पुढे गेले होते, वर. तिने मान किंचित मागे केली. आणखी वर.

काकांनी मूठ मिटली. थांब. दोन्ही मुठी मिटल्या.

गाडी डावीकडे वळली नाही. सरळ आली, बेताच्या वेगाने, एक चाकही न घसरता. काका बाजूला झाले. लेकीची गाडी त्यांच्या अंगाजवळून जात होती, आणि त्यांनी दारावर तळवा ठेवला, धरून ठेवायला नाही, नुसता ठेवला. ओला पत्रा तळव्याखालून सरकत गेला. दार संपलं, मागची काच संपली. कातळावरची माती चाकाखाली वाजली, मग गवत वाजलं, मग काहीच वाजलं नाही, फक्त इंजिन.

तेव्हा ते वळले.

दिव्यांचे दोन लाल ठिपके धुक्यात होते. ते खाली जात नव्हते. गाडी चढावर असली की मागचे दिवे जसे तिरपे दिसतात तसे तिरपे होते, आणि चढत होते. त्यांच्या पुढे, बरंच वर, काहीतरी फिकं उघडत होतं, मिटत होतं. घाई नव्हती त्याला. बोटं सरळ होती. मग धुकं मध्ये आलं.

हातातला वॉकीटॉकी खरखरला.

"बाबा, इथे किती सोपं आहे हो," ती म्हणाली. "काल उगाच घाबरलो आपण. दिसताय तुम्ही. हात खाली करू नका फक्त."

काकांनी वॉकीटॉकी दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता. बटणावर अंगठा होता. थांब म्हणावं. मागे फीर म्हणावं. ते माझे हात नाहीत, म्हणावं. एकेक शब्द घशापर्यंत येत होता, आणि काका बघत होते की त्या शब्दाने तिचा पाय कुठे जाईल. तिच्या चाकांखाली काय आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. पण तिला ते आहे असं वाटतंय तोवरच ते आहे, असं त्यांना वाटत होतं.

"ऐकताय ना, बाबा?"

"हो," ते म्हणाले. आवाज नेहमीचा यावा म्हणून त्यांनी सगळा जीव गोळा केला. "बघत राहा. नजर हलवू नकोस."

"नाही हलवत."

मग वहिनी मध्येच बोलल्या, वरून, उताराच्या माथ्यावरून. "काका, आमच्या दोन्ही गाड्या पोचल्या. भिंगरी अजून दिसत नाहीये. निघाली ना ती?"

काकांनी वॉकीटॉकी गवतावर ठेवला. टोकाशी गेले, जिथे गवत संपत होतं तिथे, आणि दोन्ही हात वर केले. तळवे आपल्याकडे ओढले. ये. इंजिनाचा आवाज डोक्यावरून येत होता, बारीक होत चालला होता, पण सुरळीत होता, कुठेही अडखळत नव्हता. ये. ये. खांद्यातून कळ जात होती. वाकडं बोट वाकडंच होतं. मागे गवतावर वहिनी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. काका हात ओढत राहिले, एकदा, पुन्हा, आणखी एकदा, लहान मुलाला पाण्यातून बाहेर बोलवावं तसे.

आणि वर, जिथे डोंगर नव्हता तिथे, चढ संपून सपाटी लागली की बदलतात तसा, तिने गिअर बदलला.